झोळीतला हात

प्लास्टर काढून दोन महिने झाले तरी माझा उजवा हात पेटलेलाच होता. मनगटाचं हाड जुळलं होतं, एक्स-रे स्वच्छ होता, पण ओढणी नुसती घासली तरी मी किंचाळायचे. हात सुजून लाल व्हायचा, घटकेत गार पडायचा. मला वाटायचं, हा सडतोय, एक दिवस कापावाच लागणार. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, इतकी घाबरले होते.

चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरी जोडायचे. घरी घसरून पडल्यापासून लेबलं चिकटवायचं हलकं काम दिलं होतं, तेही डाव्या हातानं. हलकं काम म्हणजे सगळ्या लाइनीच्या डोळ्यांत खुपणं. एकदा चुकून उजव्या हातानं डबा उघडला, तर सुपरवायझर म्हणाले, "काय मॅडम, आज बरा दिसतोय हात!" तेव्हापासून मी तो गळ्यातल्या झोळीतून काढलाच नाही. निघोज्यातले आमचे शेजारीही कंपनीतलेच, म्हणून घरीसुद्धा नाही. कुणी नाटकी म्हणू नये, एवढीच अक्कल चालवली.

शेवटी पिंपरीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधीच्या डॉक्टरांसारखं ह्याही "काही नाही तुम्हाला" म्हणणार, ही धास्ती होतीच. त्यांनी दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवायला लावले. नखं बघितली, घाम बघितला, कापसाचा बोळा टेकवला. मी ओरडले.

"हे रिपोर्टात दिसत नाही, हातावरच बघावं लागतं," त्या म्हणाल्या. "जखम भरली, पण नसा अजून दुखल्याचाच निरोप देताहेत. आजार खरा आहे. हात कापायचा प्रश्नच नाही."

मी ढसाढसा रडले. मग त्यांनी माझी बोटं वाकवून बघितली. "इतकी आखडली कशी? हलवत नव्हता?"

मी झोळीचं सांगितलं.

"गोळ्या देते, व्यायामही शिकवतील. पण दुखला तरी रोज वापरायचा. झोळी आजच काढा. असाच बांधून ठेवलात, तर बोटं कायमची आखडतील."

दुसऱ्या दिवशी कंपनीत उजव्या हातानं पहिलं लेबल उचललं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मागून सुपरवायझर म्हणाले, "हलतोय की!"

आजार खरा असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत होती. ती काढायची तर हात थांबवावा लागला असता, आणि आता मला थांबायचीच जास्त भीती वाटत होती. मी दुसरं लेबल उचललं.