कोलंबीचं बिल

जासईची एक कंटेनर यार्ड चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा न्यायाधिकरणाने तिचा कारभार नवीन पनवेलमधल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे सोपवला. हे काम करणाऱ्याला आमच्यात आरपी म्हणतात. मालकाला बाजूला ठेवून कंपनी सांभाळायची, तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधायचं, आणि आपली फी मात्र ज्या बँकांचे पैसे अडकलेत त्यांच्याच कमिटीकडून मंजूर करून घ्यायची. कमिटीला वाटलं तर ती मतदान करून आरपी बदलू शकते. कारण द्यावं लागत नाही. या बँकवाल्या साहेबांना तिने बदललं आणि माझं नाव घातलं. मी खांदा कॉलनीतली सीए, आरपीची परीक्षा नुकतीच पास झालेली. माझी फी साहेबांपेक्षा बरीच कमी होती. ते कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही.

ताबा घ्यायला गेले तर साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात गेटवर उभे. चिडलेले असतील म्हणून मी तयारीने गेले होते, पण ते इतकं गोड बोलत होते की मला धडकी भरली. प्रत्येक किल्ली त्यांनी कुलपात फिरवून दाखवली. बंद पडलेली क्रेन खरंच बंद आहे याची खात्री करून घ्या, म्हणून भर उन्हात मला तिच्या शिडीवर चढवलं. सगळ्यात शेवटी मालकाच्या केबिनमध्ये नेलं. तिथे भिंतभर काचेची टाकी होती आणि तिच्यात हातभर लांब सोनेरी मासा. धंद्याला बरकत यावी म्हणून मालकाने कंपनीच्या खर्चाने आणलेला.

"ही कंपनीची मालमत्ता," साहेब म्हणाले. "जिवंत स्थितीत सुपूर्द करतोय. सही करा."

मी हसत सही केली. पुढे हसू आलं नाही, कारण मासा खाईना. दुकानातले महागडे दाणे तळाशी जाऊन कुजले. सुकट टाकली, तीही त्याने हुंगून सोडली. उद्या हा मेला तर कंपनीची मालमत्ता सांभाळता आली नाही असा ठपका माझ्यावर येणार होता. यार्डाचे सुपरवायझर जासईचेच. त्यांना विचारलं.

"आमी टाकलं तर नाय खात," ते म्हणाले. "त्याला साहेबांच्या हातची कोलंबी लागतं."

साहेब कट्टर शाकाहारी. रोज सकाळी नाकाला रुमाल लावून ते पनवेलच्या मच्छी मार्केटात शिरायचे आणि मूठभर ताजी कोलंबी घेऊन जासई गाठायचे, हे मला तेव्हा कळलं. मी फोन केला. ते शांतपणे म्हणाले की आता या कंपनीत पाऊल टाकण्याचा मला अधिकार नाही, तुम्ही रीतसर लेखी बोलावणं पाठवा. मी व्हॉट्सॲपवर पाठवलं. चहा गार व्हायच्या आत साहेब पिशवी घेऊन हजर. त्यांनी कोलंबी शेपटीला धरून पाण्यावर धरली, मान खिडकीकडे वळवली आणि मासा उसळून ती घेऊन गेला. नंतर बऱ्याच सकाळी ते आले. कोलंबी कशी धरायची ते मला शिकवलं, आणि एकदाचा मासा माझ्याही हातून खाऊ लागला.

मग कमिटीत साहेबांचं बिल निघालं. बैठक व्हिडिओवर होती, बिलाचा खुलासा करायला साहेबही होते. मुख्य बँकेच्या मॅडमनी त्यांची फी निम्म्यावर आणायचं म्हटलं आणि कोलंबीचा खर्च तर साफ नामंजूर केला. नव्या आरपी म्हणून मीही तो खर्च अनावश्यक होता असं सांगावं, अशी त्यांची अपेक्षा होती. आता, त्याच बैठकीत मूल्यांकनाचा अहवाल आला होता. माशाची किंमत चांगली भरली होती, आणि तो कधी विकताय, असं मॅडमनीच मघाशी विचारलं होतं.

"मॅडम, एक काहीतरी ठरवू या," मी म्हणाले. "मासा कंपनीचा असेल, तर त्याचं जेवण कंपनीचा खर्च. जेवण साहेबांचं असेल, तर मासाही साहेबांचा. उद्याच त्यांच्या घरी पोचवते."

कोणाचा तरी माइक चालू राहिला होता, त्यातून हसू फुटलं. साहेब पडद्यावर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमच्या घरी चालणार नाही."

कोलंबी मंजूर झाली. तिथे माघार घेतल्यावर मॅडमचा फीवरचाही जोर ओसरला. थोडीफार कात्री लागली, पण निम्मी काही झाली नाही. पुढे गिऱ्हाईक मिळालं आणि कंपनी माशासकट त्याच्याकडे गेली. माझ्या बिलाची पाळी आली तेव्हा याच मॅडम पेट्रोलवर अडल्या. खांदा कॉलनी ते जासई एवढं कसं लागतं, म्हणाल्या. न्हावा शेव्याच्या ट्रेलरांमागे एकदा गाडी चालवून बघा, असं मी सुचवलं. तेही मंजूर झालं.

नंतर काही महिन्यांनी एका बँकेचा फोन आला. तळोज्याच्या एका कारखान्याचा आरपी बदलायचा आहे, त्या जागी यायला तुमची संमती हवी. चौकशी केली तर तिथे हेच साहेब. मला ओशाळल्यासारखं झालं. मी नकार द्यायचं ठरवून त्यांना कळवलं.

"द्या की संमती," साहेब म्हणाले. "नाहीतर दुसरं कोणी तरी येईलच. निदान माझं बिल ओळखीच्या हातात पडेल."

मी संमती दिली. ताब्याच्या दिवशी ते गेटवर उभे होते, आणि अतिशय गोड बोलत होते.