वनटनची काळी नळी

माझी पोस्टिंग तेव्हा औरंगाबादच्या छावणीत होती. हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. शहराबाहेर कारखान्यांच्या शेडा उभ्या राहत होत्या आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून गावंच्या गावं धुमसत होती. युनिटला हुकूम आला: सिव्हिल प्रशासनाच्या मदतीला एक कॉलम, म्हणजे जवान आणि गाड्यांची तुकडी, तयार ठेवा. तयार म्हणजे बूट घालून बसायचं. बसवत कोणालाच नव्हतं. पुसलेल्या रायफली जवान पुन्हा पुसत होते.

कॉलमची पहिली गाडी वनटन, म्हणजे जवान नेणारा पेट्रोलवरचा छोटा ट्रक. ड्रायव्हर नायक दगडू. वैजापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याच्याच गावात दलित वस्ती जाळल्याची बातमी होती आणि कॉलम तिकडेच निघणार होता. त्या वस्तीत त्याचा शाळेपासूनचा दोस्त राहायचा, शिवा. दगडूच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. आणि हाच दगडू सुभेदारसाहेबांना म्हणाला, ही गाडी मी नेणार नाही.

सुभेदारसाहेब तावातावानं माझ्याकडे आले.

"गाडी ठणठणीत आहे. सकाळी मी स्वतः स्टार्ट करून पाहिली. गाववाल्यांसमोर वर्दीत उभं राहायला याची टरकलीय. तू फक्त गाडी फिट म्हण. याच्यावर हुकूम मोडल्याचा चार्ज लावतो."

दगडू सावधानमध्ये उभा होता.

"मला तर जायचंच हाय, उस्ताद. माझा शिवा हाय तिथं. पण गरम झाली की ही बया उधळती. पाय काढला तरी रेस उतरत नाय, अन् ब्रेक दगडावानी लागतो. गल्लीत लेकरं आडवी आली तर?"

मला दोघांचाही राग आला होता. साहेबांचा जरा जास्त. मी बॉनेट उघडलं.

थंड इंजिन सरळ लागलं. आयडल, म्हणजे पाय न देता चालणारी इंजिनाची संथ धडधड, बरोबर. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की झालं, मिटला विषय. मी गाडी चालूच ठेवली. इंजिन तापत गेलं तसा आवाज चढत गेला. ॲक्सिलेटरची केबल मोकळी होती, स्प्रिंग ओढत होती. चोक उघडा. आयडलचा स्क्रू पार ढिला करूनही रेस उतरेना. मग कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. हवा कोंडली की इंजिन मरायला हवं. हे धडधडतच राहिलं. म्हणजे हवा दुसरीकडून चोरून आत येत होती.

ब्रेक दगडासारखा लागतो, हे दगडूचं बोलणं तेव्हा आठवलं. ब्रेकला जोर देणारी एक रबरी नळी इंजिनला जोडलेली असते. ती मी पकडीनं इंजिनजवळ चिमटली. आवाज झटक्यात खाली आला.

नळी दिसायला नवीकोरी होती. काळीभोर, चकचकीत. पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, तर फडकं काळं झालं आणि खाली रबराला भेगाच भेगा. ते बूटपॉलिश होतं! इंजिन थंड असताना भेगा बुजवायचं, तापलं की वितळून त्या उघड्या पाडायचं.

"इन्स्पेक्शनला मीच चमकवली, उस्ताद," दगडू खालमानेनं म्हणाला. "साहेबांनी शाबासकी दिलती."

सुभेदारसाहेबांना एकाएकी दुसऱ्या गाडीचे टायर तपासायची आठवण झाली.

रेडिओ खरखरला. "कॉलम, गेट रेडी टु मूव्ह."

मेजरसाहेब आले. "गाडी जाएगी?"

"जाएगी, सर."

स्टोअरमध्ये नळी नव्हती. शेडमध्ये पडून असलेल्या दुसऱ्या वनटनची काढून बसवली, क्लिप आवळली, आयडलचा स्क्रू पुन्हा जुळवला. आयडल खाली बसला. दगडूनं ब्रेक दाबून पाहिला आणि पहिल्यांदा हसला. कॉलम निघून गेला. मी दिवसभर गेटपाशी येरझाऱ्या घालत राहिलो.

संध्याकाळी दगडू परतला.

"एक पोरगी शेळीमागं धावत आडवी आली, उस्ताद. थांबली गाडी."

"शिवा भेटला?"

"भेटला. घर नाय राहिलं त्याचं. माझ्या वर्दीकडं बघत राहिला नुसता. बोलला नाय." मग गाडीची चावी माझ्याकडे देत म्हणाला, "पेन्शनीत आलो की शहराबाहेरच्या त्या कंपनीत गाडी चालवीन. त्याला बी चिकटवीन तिथं. मग बोलंल."

काही वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा एका युनिटमध्ये आलो, उत्तरेच्या डोंगरात. एका सकाळी कॉन्व्हॉयच्या पुढच्या ट्रकवर दरड कोसळली. मागे दगडूची गाडी होती. त्यानं ती मोकळ्या वळणावर लावली आणि फावडं घेऊन धावला. दोन जवानांना त्यानं जिवंत ओढून काढलं. तिसऱ्यासाठी पुन्हा आत गेला, तेव्हा वरून दुसरी दरड आली.

रेडिओवर एवढंच आलं: "ड्रायव्हर मिसिंग. सेंड रिकव्हरी."

मी रिकव्हरी, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढणारी क्रेनगाडी, घेऊन पोहोचलो. त्याची गाडी वळणावर तशीच उभी होती. हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली दगड लावलेले, इंजिन चालू. मी उभा राहून ऐकलं. आयडल अगदी बरोबर होता. ते इंजिन बंद करायला माझा हात होईना. जवान माझ्याकडे बघत होते. शेवटी मीच दगडूच्या सीटवर बसलो आणि चावी फिरवली.