चिंचोक्याची खळ

शाळेच्या भिंतीवर माझ्या सुनेने काढलेल्या मोराच्या मानेवरून निळ्या रंगाचा ओघळ उतरत होता. गेल्या साली तिने रंग घट्ट करायला मैद्याची खळ घातली आणि अख्खा मोर झुरळांनी खाल्ला. हाही बिघडला तर शाळेच्या मोठ्या बाई शहरातून रंगारी आणणार होत्या. म्हणून यंदा मी चिंचोके शिजवून खळ केली.

"आत्या, पातळ झालंय. अजून घालू?"

"पोपडे धरतील. थांब."

पातळ रंगाची खोड लगेच दिसते. फार घट्ट रंग शहाणा दिसतो आणि महिन्याने सोलून निघतो. माणसांतही मला घट्ट लोकांचीच भीती वाटत आली.

ओघळ पोटापाशी थांबला. रंग वाळेपर्यंत आम्ही दोघींनी कुंचले धुतले. व्हरांड्यात मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या. मी मोराच्या मानेवर बोट घासलं. बोट कोरडं निघालं.

"त्या ओघळाचं पीस कर," मी म्हणाले.