चादरीखालचं मशीन

वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस रोज संध्याकाळी झाडून निघतो. किस्से मात्र तिथंच साचतात! त्यातले निम्मे आमच्या शिवण्णाचे.

शिवण्णा माझा पार्टनर, मूळचा दुधनीचा. त्याची थोरली बहीण, अक्का, मंगळवेढ्याला दिलेली. तिच्या रानात थंडीत हुरडा पार्ट्या चालतात. आगटीतली गरम कणसं चोळून तिचे तळहात पोळायचे. ते बघवेना म्हणून ह्यानं हुरडा चोळायचं मशीन बनवलं. दाणा अख्खा, भुसा वेगळा!

"विकूया की!" शिवण्णा म्हणाला. मी म्हटलं, आधी पेटंटचं विचारू.

*

वकीलबाईंनी बजावलं, "अर्ज दाखल होईपर्यंत विकायचं नाही, चारचौघांत दाखवायचंही नाही. कुणाला सांगितलंय का?"

"न्हाय! फक्त बायकोला."

"आणि त्यांनी?"

"तिच्या माहेरी फक्त. म्हंजे निम्मं मोहोळ गाव."

"अहो, काय सांगितलं त्यांनी?"

"नवरा कायतरी खुडबुड करतोय, जेवायला येळेवर येत न्हाय."

बाईंचा जीव भांड्यात पडला.

*

मग बाईंनी विचारलं, "ह्यात नवीन काय आहे?"

शिवण्णा पडला प्रामाणिक. "नवीन कायबी न्हाय, मॅडम. मोटर जुन्या कूलरची, पत्रा भंगारातला, रबर सायकलच्या ट्यूबचं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "हे दुसऱ्या कुणापुढं बोलू नका!"

पण त्यांनीच न कंटाळता खोदून खोदून विचारलं, आणि कणीस चोळणाऱ्या रबराच्या दोन पट्ट्यांची चाल नवीन आहे हे शोधून काढलं. देव त्यांचं भलं करो.

*

मशीन कुणाला दिसू नये म्हणून आम्ही त्यावर सोलापुरी चादर टाकली. एके सकाळी बघतो तर चादरीवर जास्वंदीचं फूल आणि पुढ्यात नारळ!

चहावाले तात्या म्हणाले, "रोज झाकून ठेवताय, कुणाला हात लावू देत न्हाय. म्हटलं, देव असंल. नातवाच्या बारावीचं मागितलंय."

पुढं नातू पास झाला. आम्ही अजून गप्प आहोत.

*

ऐन हंगामात एक व्यापारी आला. दहा मशीनं आत्ताच्या आत्ता हवी होती त्याला. शिवण्णा डळमळला, पण व्यापाऱ्यापायी नव्हे. "निदान अक्काला एक देऊ की रं. तिचे हात..."

पण तिथं रोज पाहुणे. मशीन लावलं की सगळ्यांनी बघितलंच! त्यानं अक्कालाच फोन लावला.

"इतकी वर्सं पोळले, आणि थोडं पोळतील," अक्का म्हणाली. "तुजी अक्कल दुसऱ्यानं न्यायला नको. आदी अर्ज कर!"

अर्ज होईपर्यंत तिनं हातानंच चोळलं. आज आमचं जे काही आहे ते त्या तळहातांमुळं आहे, हे मी कुणालाही सांगतो.

*

अर्ज दाखल झाला तेव्हा हंगाम सरत आला होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही पहिलं मशीन चादरीसकट टेम्पोत घातलं आणि मंगळवेढा गाठलं. पाहुण्यांसमोर शिवण्णानं चादर ओढली, बटण दाबलं. दाण्यांची धार लागली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अक्का, आता कणसाला हात लावायचा न्हाय," शिवण्णा म्हणाला.

अक्कानं आगटीतलं एक कणीस उचललं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि ती मूठ त्याच्या हातावर ठेवली.

"खा. ह्याचं पेटंट माजं हाय!"