शेजारची दाढ
लवंगेच्या तेलाचा वास आला की माझी मूठ आजही मिटते. का, ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. निजामाच्या अमलात हिंगोलीच्या दवाखान्यात मी दात काढायचो, आणि सुईनं हिरडी बधिर करायचं हैदराबादेत नुकताच शिकून आलो होतो. "सुईच्या आधी दाढ ठोकून कुठली दुखते ते विचारा, नंतर रोग्यालाच कळत नाही," असं तिथं बजावलं होतं. पण त्या दिवशी मोठे डॉक्टर माझं नवं काम बघायला मागे उभे राहिले आणि घाईत मी आधी सुईच दिली. नरसी गावची म्हातारी हळदीनं पिवळी झालेली बोटं मांडीवर घेऊन आ करून बसली. दाढ निघाली ती पांढरीशुभ्र. किडकी शेजारीच होती. "बराबर निघाली?" डॉक्टरांनी विचारलं. मी दाढ मुठीत मिटली. "व्हय, साहेब." म्हातारी बधिर तोंडानं हसली, "कळलंबी न्हाई रे लेकरा!" दुसऱ्या दिवशी ती गाल धरून दारात. "काढली तरी काहून दुखून राहिली?" "कीड शेजारच्या दाढेत गेली, माय," म्हणालो आणि तीही काढली. जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता ती नसेल. तिची एक चांगली दाढ मी अजून देणं लागतो.