गोल्फवाल्या तात्यांची नोंद

तात्यांची चूक दुसऱ्या कुणाला काढावीच लागायची नाही. त्यांची शेळी शेजारच्या रानात शिरली, तर शेजाऱ्याला कळायच्या आत हे त्याच्या दारात हजर. "माझ्या शेळीनं तुमची तूर खाल्ली. चार झाडं गेली." बेंबळी गावात त्यांना सगळे गोल्फवाले तात्या म्हणत, पण त्या म्हणण्यात थट्टाच जास्त असे. कोवळ्या वयात ते पुण्याला गेले, गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या आणि बघून बघून शिकत स्वतः व्यावसायिक खेळाडू झाले. पाच वर्षं खेळले. मग गुडघा गेला आणि ते गावी परतले. गावानं तो खेळ कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे ते खेळल्याचं कुणाला फारसं खरंही वाटायचं नाही. "तात्या, काठीनं गोट्या मारायला पुण्यापतूर गेलता व्हय?" असं पारावर कुणीतरी विचारायचंच. तात्या हसून सोडून द्यायचे.

आमची ओळख एका नोंदीमुळे झाली. मी धाराशिवला राहतो आणि फावल्या वेळात इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशातल्या नोंदी तपासतो. तात्यांच्या मुलीनं, सुनंदानं, तिथं वडिलांवर एक पान लिहिलं होतं. गावानं एकदा तरी त्यांचं खरं मानावं, एवढीच तिची इच्छा. ते पान ठेवायचं की काढायचं, हे ठरवणं माझ्याकडे आलं. आमचा नियम असा, की खेळाडूवर इतरांनी लिहिलेले किमान दोन लेख हवेत. निकालाच्या यादीत नुसतं नाव असून चालत नाही.

मी बेंबळीला गेलो. वर्तमानपत्राचं कात्रण निघालं एकच, नऊ ओळींचं. त्यात तात्यांच्या वाट्याला दीड ओळ. पानावर मात्र 'मोठ्या स्पर्धेत तिसरा क्रमांक' असं लिहिलेलं होतं. मी विचारताच तात्या म्हणाले, "चूक हाय ते. तिसरा पहिल्या दिवशी होतो. दुसऱ्या दिवशी बाद झालो."

"तात्या, जरा गप बसा की," सुनंदा म्हणाली.

"बाद कसे झालात?" मी विचारलं.

"काठी टेकवताना चेंडू इवलासा हलला. एक फटका दंड, म्हंजी मोजणीत एक फटका जास्त. त्या एका जास्तीच्या फटक्यानंच पुढच्या फेरीतनं गेलो."

"पंचांनी पाहिलं?"

"कुनीच बघितलं न्हाय. म्याच सांगितलं. ह्या खेळात ज्याचं त्यानं सांगायचं असतंय."

सुनंदा उठून आत गेली.

नंतर दोन महिने मी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली. दुसरा लेख मिळाला नाही. 'पुरावा अपुरा' असा शेरा लिहून मी पान काढलं आणि तात्यांना फोन केला. "नियम हाय तर हाय, साहेब. तुमी लई हेलपाटे घातले," ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. मी निर्धास्त झालो.

चार महिन्यांनी तात्या गेले. भेटायला गेलो तेव्हा सुनंदानं सांगितलं, की शेवटी शेवटी ते पारावर जातच नव्हते. तिनं ते पान कौतुकानं गावभर दाखवलेलं. एके दिवशी चौकातल्या हॉटेलात कुणीतरी मोबाइलवर उघडलं, तर 'हे पान वगळले आहे'. तेव्हापासून गाव म्हणायला लागलं, "बघा, थापच होती."

"मला कळवायचं होतंत," मी म्हणालो.

"तात्यांनी कळवू दिलं न्हाय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणाले."

निघताना मी त्या हॉटेलात थांबलो. मालकाला सांगितलं, "तात्या खरंच खेळले होते. मी कात्रण पाहिलंय. त्यांचं पान मीच काढलं."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. "खरं होतं, तर काढलं कशाला?"

नियम मला तोंडपाठ आहे. मी तो सांगायला लागलो. त्यात 'खरं' हा शब्द कुठंच नव्हता.