मरळीचं पाणी

मधली सुट्टी नुकतीच संपली होती आणि मुलं वर्गात परतत होती. पोलादपूरहून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हाच मी काय ते ओळखलं. गाडी महाडच्या स्टँडवर सोडून एवढ्या उन्हात तो चालत आला, याचा दुसरा अर्थ नव्हता. "गुरुजी, कापड्याचे दाजी गेले," तो म्हणाला. "बाईंनी निरोप दिलाय, जेवून मग निघा, इथं आल्यावर जेवण नाय." आक्काचा निरोप असाच असायचा. नवरा गेलेला, घर माणसांनी भरलेलं, आणि तशातही धाकट्या भावाच्या पोटाची काळजी. मी जेवलो नाहीच. त्याच गाडीनं परत पोलादपूरला गेलो आणि तिथून पायवाटेनं आक्काचं गाव, कापडं, गाठलं. पोचलो तेव्हा सगळी माझ्यासाठीच थांबली होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. या पुरवणीच्या वाचकांना त्यांचं नाव माहीत असायचं कारण नाही. आमच्या भागातल्या कितीतरी पुरुषांसारखे तेही लग्न झाल्यावर लगेच मुंबईला गेले. तरुणपण कापडाच्या गिरणीत गेलं. कापसाची धूळ छातीत बसली, खोकला कायमचा झाला, तेव्हा गिरणी सोडून एका शेटच्या बंगल्यावर घरकामाला राहिले. गावाला यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. इकडे आक्कानं एकटीनं भात लावलं, कापलं, झोडलं. सासऱ्यांचं, सासूचं शेवटचं केलं. एकुलती लेक वाढवून वरंधला दिली. नवरा म्हणजे वर्षातून दोनदा येणारा पाहुणा, हे तिच्या अंगवळणी पडून गेलं होतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमाराला दाजी मुंबई सोडून कायमचे घरी आले. छाती पार गेली होती. डोक्यावर वळकटी होती आणि हातात तुपाचा मोठा पत्र्याचा डबा. डब्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आक्काला वाटलं, इतक्या वर्षांनी माणूस कायमचा घरी येतोय, काहीतरी आणलं असेल. झाकण काढलं तर आत अर्धा डबा पाणी आणि त्यात हातभर लांब, काळपट, सापाच्या तोंडाचा मासा... मरळ.

गाव हसून हसून दमलं. भात लावणीच्या दिवसांत आमच्या वहाळात पोरंसोरंही मरळ धरतात, आणि हा माणूस मुंबईहून एस.टी.नं मरळ घेऊन आला. कुणी विचारलं, रस्सा कधी? दाजी हसण्यावारी न्यायचे. खरी हकिगत त्यांनी मला नंतर सांगितली. शेटला रंगीत मासे पाळायचा शौक. काचेच्या पेट्या, विजेवर चालणारा पंप, सगळा थाट. पेट्यांची निगा दाजींकडे. एकदा शेटनं बोटाएवढं नारिंगी पट्ट्याचं एक सुंदर पिल्लू आणवलं आणि इतर माशांत सोडलं. ती होती फुलमरळ. लहानपणी ती तशीच देखणी दिसते, मग काळी पडते, शेपटीपाशी तेवढा डोळ्यासारखा ठिपका राहतो. वाढता वाढता तिनं पेटीतले बाकीचे सगळे मासे खाल्ले. शेटनं फर्मावलं, गटारात टाका. दाजींनी ती मागून घेतली, मोरीतल्या पिंपात वाढवली आणि निघताना बरोबर आणली. "डबा काठोकाठ भरायचा नसतो, सदू," ते मला सांगत होते. "ती वर येऊन श्वास घेते. वर जागा नाय ठेवली तर पाण्यात असून गुदमरेल."

घरात पहिलं भांडण झालं ते भांड्यावरून. आक्कानं नाइलाजानं तांब्याचं घंगाळ पुढे केलं. तांब्यात मासा मरतो म्हणून दाजींनी ते नाकारलं आणि तिचा पिण्याच्या पाण्याचा रांजण घेतला. आक्का त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पडवीच्या टोकाला गवंड्याकडून सिमेंटचा हौद बांधून घेतला, तरी रांजण लगेच मोकळा झाला नाही. नव्या सिमेंटचं पाणी माशाला बाधतं. त्यामुळे हौद भरायचा, केळीचे खुंट टाकून मुरू द्यायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. तेवढे सगळे दिवस आक्का शेजारच्या घरचं पाणी प्यायली, आणि ते शेजाऱ्यांना ऐकवूनही प्यायली.

मरळ हौदात गेली आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला. मांस खाणारा मासा पाणी फार लवकर नासवतो. शेटकडे नळ होता, वीज होती. कापड्यात अजून वीज पोचलेली नव्हती. दाजींनी आधी रोज थोडं पाणी बदलून पाहिलं, पण विहिरीवरून घागरी आणताना त्यांचा श्वास लागायचा. मग पावसाळ्यात वहाळाचा पाट हौदातून फिरवला. पाणी वाहतं राहिलं, पण लाल गाळानं हौद भरला, आणि दिवाळीनंतर वहाळच आटला. तेव्हा त्यांनी पिण्याचं पाणी गाळायला करतात तशी उतरंड केली. लाकडी तिवईवर एकावर एक तीन मडकी. वरच्यात काथ्या आणि खडी, मधल्यात चुलीतला लाकडी कोळसा, खालच्यात नदीची वाळू, आणि प्रत्येकाच्या बुडाला भोक. हौदातलं पाणी वर ओतायचं, ते झिरपत, थेंब थेंब पुन्हा हौदात. पहिल्या खेपेला कोळसा धुवायचा राहिला आणि सगळं पाणी शाईसारखं झालं. दुसऱ्या खेपेला वाळू इतकी बारीक पडली की मडकं तुंबून पाणी काठावरून सांडलं. मग त्यांनी भरड वाळू आणली आणि वरचा काथ्या जाड केला, म्हणजे घाण वरच अडेल आणि तेवढाच रोज धुता येईल. तिन्ही मडकी एका दिवशी कधी धुवायची नाहीत, हा त्यांचा कडक नेम. सगळं एकदम धुतलं की पाणी कोरं होतं आणि कोरं पाणी तिला सोसत नाही, असं ते म्हणायचे.

उतरंड चालली खरी, पण पाणी सकाळ-संध्याकाळ वर चढवावं लागायचं. चार तांबे ओतले की दाजी खांबाला धरून उभे राहायचे. आक्का चुलीपाशी बसून हे बघायची. पोलादपूरच्या डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती, ते दाजी ऐकत नव्हते आणि ती ऐकवत नव्हती. तोवरच्या सगळ्या भेटींत मला असंच वाटायचं, की एका छपराखाली दोन अनोळखी माणसं एकमेकांची अडचण होऊ नये म्हणून जपून वावरतायत.

मग एक दिवस दाजी औषधाला पोलादपूरला गेले असताना मरळीनं उडी मारली. हौदावर बांबूची ताटी आणि वर दगड असायचा, त्या दिवशी दगड सरकलेला असावा. आक्का शेतावरून आली तर मरळ अंगणात, धुळीनं माखलेली, तोंड उघडं. शेजारीण धावत आली आणि म्हणाली, आयती आल्येय, आता टाक चुलीवर. आक्कानं पदर पाण्यात बुचकळला, त्यात मरळ गुंडाळली आणि हौदात नेऊन सोडली. खाली जाईपर्यंत तिथंच बसून राहिली. हे तिनं दाजींना सांगितलं नाही, मला सांगितलं. "हातात नुसती तोंड वासत होती रे," ती म्हणाली. "मला एकदम यांचा खोकला आठवला. रात रात असेच करतात."

दुसऱ्या दिवसापासून उतरंडीवर पाणी आक्का चढवू लागली. दाजींनी तांब्या मागितला, तिनं दिला नाही. एवढंच झालं. पण पुढल्या खेपेला मी गेलो तेव्हा त्या घरात बोलणं सुरू झालं होतं, आणि ते सगळं मरळीचंच होतं. भातखाचरातले बारीक मळे मासे जिवंत द्यायचे की बाजारातले कोळंबीचे तुकडे. रोज द्यायचं की एक दिवसाआड. दाजी म्हणत, भरल्या पोटी तिला देऊ नको, उरलेला तुकडा काढून टाक, पाणी त्यानंच नासतं. श्रावणात आक्का माशाला शिवत नसे, तेव्हा दाजी परसातली गांडुळं काढून आणत आणि ती लांब उभी राहून बघत असे. हौदातलं गढूळ पाणी ती अळवाला आणि वांग्यांना घालायची. तशी वांगी वाडीत कुणाकडे नव्हती. हळूहळू मरळीच्या गोष्टींतून मुंबईच्या गोष्टी निघू लागल्या. खोलीत किती माणसं झोपायची, खानावळीत काय मिळायचं, लेक झाल्याची तार आली तेव्हा ते कुठं होते... आक्कानं हे सगळं पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. बायका लांबच्या झऱ्यावर रांगा लावून बसत. उतरंडीमुळे पाणी पुन्हा पुन्हा वापरता यायचं हे खरं, तरी उन्हानं आटेल तेवढं भरावं लागायचंच. वाडीत कुजबुज सुरू झाली. दाजींनी ती ऐकली आणि एका सकाळी तुपाचा डबा बाहेर काढला. मी सुट्टीत तिथंच होतो. सावित्रीच्या डोहात तिला सोडून येऊ, असं ते म्हणाले. आक्का झऱ्यावरून आली होती, डोक्यावरची घागर अजून उतरवली नव्हती.

"कुणाला विचारून?" ती म्हणाली.

दाजी म्हणाले, "तुला किती खेपा पडतात, ते बघतो मी."

"घरात आल्येलं माणूस मी परत धाडीत नाय," आक्का म्हणाली. "इतकी वर्षं कुणी आलं नव्हतं."

तिनं घागर उतरवली आणि त्यातलं निम्मं पाणी हौदात ओतलं. दाजी डबा हातात घेऊन तसेच उभे होते. मला तिथं थांबवेना. मी मागल्या दारानं परसात गेलो.

त्यानंतर त्यांना जेमतेम दोन पावसाळे मिळाले. शेवटी शेवटी अंथरूण पडवीत हौदाजवळच घातलं होतं. पडल्या पडल्या ते पाण्याच्या ठिबकण्यावरून सांगायचे, वरचा काथ्या तुंबलाय. आक्का उठून बघायची, आणि तो तुंबलेला असायचा. पौषातल्या थंडीत, सकाळी ती पाणी चढवत असताना ते गेले. तांब्या रिकामा करून ती वळली, तेवढ्यात.

दिवसकार्य होईपर्यंत घर पाहुण्यांचं होतं, मडक्यांकडे कुणी पाहिलं नाही. महिन्याच्या श्राद्धाला मी पुन्हा गेलो. तेराव्यालाच वाडीत बोललं जात होतं की मरळीनं अन्न सोडलंय, धन्यामागं जीव देतेय. मी आक्काला तसं विचारलं. तिनं मान हलवली. तसलं काही नव्हतं, ती म्हणाली. पाणी बिघडलं होतं, आणि वर थंडी. पाहुणे गेल्यावर तिनं पहिल्या दिवशी काथ्या धुतला, दोन दिवस जाऊ देऊन कोळसा नवा घातला, वाळूला हात लावला नाही. पाणी निवळायला आठवडा गेला. रात्रीची ती हौदावरच्या ताटीवर जुनी गोधडी पांघरायची. रोज एक मासा सोडायची, तासाभरानं तसाच काढून घ्यायची.

"मग परवा घेतलान," ती म्हणाली. "सोडल्या सोडल्या. असा पाण्याचा आवाज झाला... मी एकटीच होत्ये. म्हटलं, यांना सांगावं. सांगायला तोंड वळवलं आणि मग मला रडू आलं. तोवर आलंच नव्हतं रे. सगळी म्हणत होती रड, रड. कुठनं रडू? या घरात रडायचं कुणापुढं, तेच मला ठाऊक नव्हतं इतकी वर्षं. आता ठाऊक झालं, तर..."

तिनं पदरानं तोंड पुसलं, तांब्या घेतला आणि पाणी चढवू लागली. मीही उठून दुसरा तांब्या घेतला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मला खाली बसायला सांगितलं.